पित्तरसाचे खेळते भांडवल



दोन वर्षांपूर्वी पर्युषणात आमच्या सौभाग्यवतींची अठ्ठाई निर्विघ्न पार पडली. पारण्यासाठी लोअर परळच्या आमच्या घरी सगेसोयरे जमले होते. तिने केवळ मुगाचे पाणी मागितले. मी मात्र पाहुण्यांदेखत तुपातल्या शिऱ्याचा आग्रह धरला. दुपारी तिच्या उजव्या बरगडीखाली तीव्र कळा सुरू झाल्या. ‘पित्त झाले असेल,’ असे म्हणून मी दोन तास दवडले. अखेर सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले.

आपण घरोघरी ज्याला ‘पित्त’ म्हणतो, ते बहुधा जठरातील आम्ल असते. पित्तरस निराळा. तो यकृतात तयार होतो. हिरवट-पिवळा, कडू आणि किंचित क्षारधर्मी असतो. यकृत दिवसाला सुमारे ६०० ते १००० मिलिलिटर पित्तरस निर्माण करते. त्यात पाणी, पित्तक्षार, कोलेस्टेरॉल आणि बिलिरुबिन हे रंगद्रव्य असते. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवसांनी मोडीत निघतात, त्यांतूनच हे रंगद्रव्य उरते. त्याची वाट अडली की कावीळ होते.

पित्ताशय हे या रसाचे गोदाम. त्यात जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर मावते. म्हणून ते पाणी शोषून रस अनेक पटींनी घट्ट करून ठेवते. अन्नातील स्निग्धांश लहान आतड्यात पोहोचला की तेथून एक संप्रेरक रक्तात सुटते. त्याच्या निरोपासरशी पित्ताशय आकुंचन पावून रस आतड्यात सोडते. रिठ्याच्या पाण्याने भांड्याचा तेलकटपणा सुटावा, तसे पित्तक्षार तूप-तेलाचे सूक्ष्म थेंब करतात. मग स्वादुपिंडाचा रस त्यांचे पचन करतो.

आयुष्यभर कर्जदारांचे ताळेबंद तपासलेल्या मला यापुढच्या भागाचे विशेष कौतुक वाटते. शरीरातील पित्तक्षारांचा एकूण साठा अवघा दोन ते चार ग्रॅम. एवढ्याने दिवसाचे पचन भागावे कसे? हेच भांडवल दिवसातून सहा ते दहा वेळा फिरते. काम झाले की लहान आतड्याच्या शेवटच्या भागात ९५ टक्क्यांहून अधिक पित्तक्षार शोषले जातात आणि रक्तावाटे यकृताकडे परततात. दिवसाची तूट अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. ती यकृत कोलेस्टेरॉलपासून नवे क्षार बनवून भरून काढते. अल्प भांडवल, मोठी उलाढाल आणि नगण्य बुडीत! कोणत्याही पेढीला हेवा वाटावा असा हा व्यवहार आहे.

मात्र दीर्घ उपवासात पित्ताशयाला रिते होण्याचा निरोपच मिळत नाही. आयंबिलातही स्निग्धांश नसल्याने हा निरोप क्षीण असतो. रस साचून दाट होतो आणि खडे होण्याची शक्यता वाढते. वजन झपाट्याने उतरले तरी तसेच. डॉक्टरांनी सांगितले, की खडे जुनेच होते. आठ दिवस भरून राहिलेले पित्ताशय तुपाने एकाएकी जोरात आकुंचले आणि खडा तोंडाशी अडकला. दोष तपाचा नव्हता, माझ्या आग्रहाचा होता.

शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली. आपल्याच मुंबईत डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये ही पद्धत भारतात आणली; त्यापूर्वी पोटावर मोठा छेद घ्यावा लागे. आता गोदाम गेले तरी पेढी चालूच आहे: पित्तरस थेट आतड्यात उतरतो.

आपल्याकडे तप शक्तीनुसार करावे असे सांगितले आहे. पित्ताशयात खडे असल्याचे ठाऊक असेल, तर अठ्ठाई वा मासखमणाआधी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. पारणे मुगाच्या पाण्याने करावे, मग पातळ खिचडी घ्यावी. तूप बेताने, काही दिवसांनी. उजव्या कुशीत कळा, सोबत ताप किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसल्यास पित्ताची गोळी देत बसू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे. आणि तपस्वी व्यक्ती मागेल तेवढेच वाढावे.

गेल्या वर्षी सौभाग्यवतींनी डॉक्टरांच्या संमतीने एकासणी केली. संवत्सरीला सर्वांची क्षमा मागतो तशी तिचीही दरवर्षी मागत आलो होतो. त्या दिवशी प्रथमच अपराधाचे नाव घेऊन मागितली.

आपणां सर्वांना मिच्छामि दुक्कडम्.