टाकी भरण्याची वाट कशासाठी?

घर बांधून झाले की वास्तुशांत होते, दारावर पाटी लागते, आणि विटा किती लागल्या, सिमेंटच्या गोण्या कोणत्या भावाने आणल्या, हे घरमालकास पुढे कित्येक वर्षे तोंडपाठ असते. त्याच घराच्या मागील बाजूस पुरलेल्या शौचालयाच्या टाकीचे झाकण नेमके कोठे आहे, असे विचारले तर मात्र तो गोंधळतो. झाकणावर फरशी बसलेली असते, फरशीवर स्कूटर उभी असते किंवा धुण्याचा दगड मांडलेला असतो. टाकी शेवटची केव्हा उपसली, या प्रश्नाला ‘अजून भरलीच नाही’ असे समाधानाचे उत्तर मिळते. हे समाधान किती फसवे आहे याचा विचार नाशिक जिल्ह्यातील सिन्नर नगर परिषदेने केला व त्यावर एक उपायही योजला. त्या उपायाकडे सुशिक्षित वर्गाचे जेवढे लक्ष जावयास हवे होते तेवढे गेलेले नाही.

सिन्नर म्हटले की कोणास गोंदेश्वराचे देवालय आठवते, कोणास विड्यांचा धंदा, तर कोणास मुसळगाव आणि माळेगाव येथील औद्योगिक वसाहती. कारखान्यांमागोमाग वस्ती वाढली, नोकरदारांची नगरे उठली, प्रत्येक बंगलीत व चाळीत शौचालय आले. भुयारी गटारांचे जाळे मात्र त्या वेगाने आले नाही. महाराष्ट्रातील लहान शहरांत ते सहसा येतही नाही. त्याची जागा घरोघरच्या सेप्टिक टाक्यांनी घेतली. अशा गावात गटारयोजना म्हणजे हजारो घरमालकांनी आपापल्या अंगणात केलेली आपापली व्यवस्था. तिची देखभाल प्रत्येकाने करावी, असे गृहीत धरले गेले. आणि जे प्रत्येकाचे असते ते बहुधा कोणाचेच नसते.

या अवस्थेतून वाट काढण्यासाठी सातारा जिल्ह्यातील वाई येथे २०१८ मध्ये आणि त्यापाठोपाठ सिन्नर येथे टाक्यांचा ठरावीक मुदतीने उपसा करण्याची पद्धत सुरू झाली. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाचे साहाय्य दोन्ही नगर परिषदांना लाभले. योजना सांगावयास अगदी सोपी आहे. घरमालकाने तक्रार करण्याची वाट न पाहता नगर परिषदेने नेमलेल्या ठेकेदाराची गाडी भागवार फिरते आणि प्रत्येक टाकी तीन वर्षांतून एकदा उपसली जाते. उपशाच्या वेळी घरमालकास खिशात हात घालावा लागत नाही. खर्च स्वच्छता कर व पालिकेच्या इतर उत्पन्नातून भागविला जातो. ठेकेदाराचे देयक त्याने प्रत्यक्ष केलेल्या कामाशी बांधलेले असते. देशात अशी पद्धत अगदी आरंभी अंगीकारलेली ही दोन गावे, आणि दोन्ही मराठी मुलुखातील आहेत, हे मुद्दाम सांगावयास हवे.

तीन वर्षेच का, असा प्रश्न चिकित्सक वाचकाच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर टाकीच्या कार्यात दडलेले आहे. सेप्टिक टाकी हे कोठार नव्हे. इंग्लंडमधील एक्झीटर शहराच्या डोनाल्ड कॅमेरॉन या अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तिला हे नाव दिले, तेव्हापासून तिचे तत्त्व एकच आहे. सांडपाणी एक-दोन दिवस शांत उभे राहावे, जड भाग तळाशी बसावा, तेलकट भाग वर तरंगावा, आणि हवेवाचून जगणाऱ्या सूक्ष्म जंतूंनी तळातील घाणीचा काही अंश पचवून टाकावा, हे ते तत्त्व. पचनातून ज्वालाग्राही वायू निर्माण होतो. (त्याच शतकाच्या अखेरीस मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात अशा टाकीतील वायूचा उपयोग करून पाहण्यात आला होता, म्हणजे ही विद्या या भूमीस काही नवखी नाही.) नवीन टाकी वापरात आली की थोड्याच दिवसांत पाण्याने काठोकाठ भरते आणि मग कायम भरलेलीच राहते, जेवढे पाणी आत येते तेवढे बाहेर पडते. सारांश, ‘टाकी भरली का’ हा प्रश्नच चुकीचा आहे. टाकीत गाळ किती साचला, हे विचारावयास हवे, आणि ते वरून दिसत नाही.

थोडा हिशेब केला म्हणजे मुदतीचे मर्म ध्यानात येईल. उष्ण हवामानात माणशी दरसाल सुमारे ४० लिटर गाळ साचतो, असे साधारणतः धरले जाते. पाच माणसांच्या कुटुंबात वर्षाला २०० लिटर, तीन वर्षांत ६०० लिटर. टाकी २००० लिटरची असेल तर तिचा जवळजवळ तिसरा हिस्सा गाळाने व्यापला. येथवर ती आपले काम बऱ्यापैकी करते. त्यापुढे गाळ जसजसा चढतो तसतसा पाण्याला थांबावयास अवकाश कमी पडतो, आणि आलेली घाण न निवळताच दुसऱ्या टोकाने निघून जाते. आठ-दहा वर्षे न उपसलेली टाकी ही टाकी नसून केवळ एक रुंद नळ होय. घरमालकास त्याचा पत्ताही नसतो, कारण त्याच्या घरापुरता सारा व्यवहार सुरळीत चाललेला असतो.

अडचण होते ती इतरांना. नियमाप्रमाणे टाकीतून निघणारे पाणी शोषखड्ड्यात मुरले पाहिजे. परंतु सिन्नरचा पट्टा काळ्या पाषाणाचा. माती जेथे पातळ आणि खाली कातळ, तेथे शोषखड्डा मुळातच कष्टाने पाणी पितो; त्यात गाळ शिरला की त्याची छिद्रे बुजतात. मग कोणीतरी युक्ती सांगतो, एक पाइप काढला जातो आणि टाकीचे पाणी उघड्या गटारात सोडले जाते. गटार ओढ्याला मिळते, ओढा सरस्वतीला. सप्टेंबर २०२२ मध्ये याच सरस्वती नदीला पूर येऊन सिन्नरमध्ये पाणी शिरले, तेव्हा ते कोणकोणत्या टाक्यांतून आणि गटारांतून फिरून घरात आले असेल याचा विचार ज्याचा त्याने करावा. ज्या तालुक्याला पिण्याच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे आकाशाकडे डोळे लावून बसावे लागले, त्याने आपल्या विहिरींजवळ अशी घाण जिरू द्यावी, हा व्यवहार कोणत्याही हिशेबात बसणारा नाही.

एवढ्यावरच हे थांबले असते तरी प्रश्न आरोग्यखात्याचा म्हणून बाजूस सारता आला असता. परंतु टाकी तुंबली की घरात धावपळ उडते, आणि त्या धावपळीत माणूस शोधला जातो. कोणता माणूस, हे सांगावयास नको. आपल्या समाजाने ते काम कोणत्या जातींच्या पदरी बांधले हे शाळेतील मुलासही ठाऊक आहे. दोर, बादली, रोख पैसे, आणि धीर यावा म्हणून बहुधा थोडी दारू, एवढ्या साहित्यानिशी तो आत उतरतो. टाकीतील हायड्रोजन सल्फाइड हा वायू मोठा कपटी आहे. अल्प प्रमाणात असताना त्याला सडक्या अंड्यांसारखी दुर्गंधी येते. प्रमाण वाढले की तो प्रथम घ्राणेंद्रियच बधिर करतो, म्हणून वास नाहीसा झाला असे वाटते आणि माणूस निर्धास्त होतो. प्राणवायूही आत नसतोच. पहिला माणूस कोसळला की त्याला काढावयास दुसरा उतरतो, बहुधा त्याचा भाऊ किंवा सोबती, आणि तोही परत येत नाही. एकाच टाकीत दोन-दोन, तीन-तीन माणसे दगावल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत येतात त्यामागे हे कारण आहे.

या कामास कायद्याने मनाई आहे. १९४९ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या बर्वे समितीने सफाई कामगारांच्या जीवनाची चौकशी केली. १९९३ मध्ये केंद्राचा पहिला कायदा झाला. आणि २०१३ च्या कायद्याने कोणाही व्यक्तीस, स्थानिक संस्थेस वा ठेकेदारास सेप्टिक टाकी वा गटार धोकादायक रीतीने साफ करण्यासाठी माणूस कामाला लावण्याची बंदी केली. ‘कोणाही व्यक्तीस’ या शब्दांत घरमालक आला, गृहनिर्माण संस्थेचा सचिव आला. पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद वा दोन लाख रुपयांपर्यंत दंड वा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा प्रत्येक मृत्यूसाठी दहा लाख रुपयांची भरपाई ठरविली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाखांवर नेली. तरीही मृत्यू थांबले नाहीत. ज्या क्षणी टाकी तुंबून अंगणात वाहू लागते त्या क्षणी घरमालकास कायदा आठवत नाही, पाहुणे आठवतात. म्हणून तो क्षणच येऊ न देणे हा खरा बंदोबस्त होय, आणि सिन्नरच्या वेळापत्रकाचे मोल येथे आहे. वेळेवर उपसलेल्या टाकीतील गाळ पातळ असतो, तो यंत्राच्या नळीने ओढला जातो. दहा वर्षे राहिलेला गाळ तळाशी घट्ट होऊन बसतो, नळीला दाद देत नाही, आणि मग ‘जरा आत उतरून फावड्याने हलवून दे’ अशी भाषा सुरू होते. मनुष्यवधाची तयारी अशी आळसातून होत असते.

या पद्धतीविरुद्ध आक्षेप नाहीत असे नव्हे. टाकीत काही बिघाड नसताना झाकण का उघडावयाचे, हा पहिला. त्याचे उत्तर वर आलेच आहे. मोटारीचे तेल इंजिन बंद पडण्यापूर्वी बदलतात, यावर कोणी वाद घालीत नाही. दुसरा आक्षेप कराचा. पाणी नियमित मिळत नाही आणि वर स्वच्छता कर कसला, हा प्रश्न सामान्य पगारदाराच्या तोंडी शोभणारा आहे. परंतु खाजगी गाडी बोलावून एकदम द्यावी लागणारी रक्कम आणि थोडी थोडी करून भरलेली रक्कम यांची तुलना त्याने करून पाहावी. शिवाय ज्याची ऐपत नाही त्याचीही टाकी उपसली जाते, हा लाभ ऐपत असलेल्या शेजाऱ्याच्या विहिरीलाच मिळतो.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जुन्या गावठाणात गल्ल्या अरुंद, गाडी दारापर्यंत पोहोचत नाही. लांब नळी लावावी तर तिची ओढ कमी होते. झाकणावरची फरशी फोडावी लागते आणि ती पुन्हा बसविण्याचा खर्च कोणी सोसावा याचा खुलासा नसतो. भाडेकरूच्या घरी गाडी गेली तर मालक परगावी असतो. या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यांना ‘नागरिकांचे असहकार्य’ असे नाव देऊन मोकळे होणे हे पालिकांना शोभत नाही. गाडी येण्याची तारीख आठवडाभर आधी कळवावी. लहान गाडी ठेवावी. आणि बांधकामाचा परवाना देतानाच झाकण उघडे व पोहोचण्याजोगे राहील अशी अट घालून तिची तपासणी करावी. या अखेरच्या बाबतीत आपल्याकडे कागद पुष्कळ आहे. भारतीय मानक संस्थेने टाकीची लांबी-रुंदी, खोली, नळ्यांची रचना हे सारे कधीच लिहून ठेवले आहे. प्रत्यक्षात गवंडी आपल्या अंदाजाने खड्डा खणतो, आणि मधली भिंत व वायुनलिका यांतील जे वगळता येईल ते वगळतो.

उपसलेला गाळ जातो कोठे, हा प्रश्न पूर्वी कोणी विचारीत नसे, कारण उत्तर सर्वांना माहीत होते: रात्री, गावाबाहेर, नाल्यात. टाकी उपसली आणि गाळ ओढ्यात ओतला, तर घराची घाण गावाची झाली एवढेच. म्हणून उपशाच्या वेळापत्रकाबरोबर सिन्नर येथे मैलागाळावर प्रक्रिया करणारे केंद्र उभारण्यात आले. दिवसाला सत्तर हजार लिटर ही त्याची क्षमता. तीन वर्षांच्या वेळापत्रकामुळे केंद्राला रोज ठरावीक गाळ मिळतो, आणि केंद्रामुळे गाडीवाल्यास नाल्याचा मोह राहत नाही. एकावाचून दुसरे व्यर्थ आहे. पुष्कळ गावांनी केंद्रे बांधली पण उपसा मागणीवर ठेवला. अशा ठिकाणी यंत्रे गाळाची वाट पाहत बसतात आणि टाक्या गाडीची.

मळाकडे केवळ घाण म्हणून न पाहण्याची परंपरा महाराष्ट्रात आहे. कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी संडासाचे प्रयोग केले ते भंगीमुक्तीसाठी; देहूच्या डॉ. मापुसकरांनी मैल्यापासून इंधनवायू घेण्याची पद्धत गावात रुजविली. नाशिकजवळ गोवर्धन येथे निर्मल ग्राम निर्माण केंद्राने शौचालयाच्या साध्या रचना लोकांना शिकविल्या. या मंडळींनी एक गोष्ट ओळखली होती, की शौचालय बांधणे हा कामाचा आरंभ असतो. शासकीय मोहिमांचे आकडे मात्र बहुधा बांधकामापाशी संपतात.

आता प्रश्न उरतो तो नगर परिषदेच्या हद्दीबाहेरील वस्त्यांचा. कारखान्यांच्या आसपासच्या गावांत भाड्याच्या खोल्या झपाट्याने वाढतात आणि एकेका टाकीवर वीस-पंचवीस माणसांचा भार पडतो. वरील हिशेबाने असल्या टाकीला तीन वर्षे सोडाच, एक वर्षही पुष्कळ झाले. ग्रामपंचायतीने स्वतंत्र गाडी व स्वतंत्र केंद्र उभारावे हे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. केंद्राची क्षमता पुरत असेल तेथवर शेजारच्या ग्रामपंचायतींशी लेखी करार करून, ठरावीक दर घेऊन, नगर परिषदेच्याच गाडीने या टाक्या उपसता येतील. जिल्हा परिषदेने त्यात मध्यस्थी करावी. जेथे जागा मोकळी आणि जमीन मुरमाड आहे अशा वाड्यांवर सेप्टिक टाकीचा हट्टच नको. तेथे दोन खड्ड्यांचे शौचालय बांधावे. एक खड्डा भरला की बंद करून दुसरा वापरावा, आणि दीड-दोन वर्षांनी पहिल्यातून निघणारे कोरडे, निर्गंध खत मालकाने स्वतःच्या फावड्याने आपल्या शेतात टाकावे.