आवाज येतो, शब्द येत नाहीत

गेल्या रविवारी मिस्सा आटोपून घरी येताना आईला विचारलं, "फादर आज काय बोलले गं?" आई म्हणाली, "आवाज येत होता रे, शब्द येत नव्हते."

आई ७८ वर्षांची आहे. कान अजून शाबूत आहेत, फोनवर सगळं नीट ऐकते. तरी आपल्याच देवळात, आपल्याच मराठीत झालेलं प्रवचन तिला कळलं नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन जाऊन मराठी मिस्सा आली ती लोकांना कळावं म्हणूनच ना? मग माईकमुळे परत लॅटिनच होत असेल तर काय उपयोग?

हे आज लिहितोय कारण आमच्या धर्मग्रामात मोठे स्पीकर घ्यायची चर्चा सुरू आहे. नाव घेत नाही, वसईत बऱ्याच ठिकाणी हीच गोष्ट आहे. माझं मत स्पष्ट आहे : मोठे स्पीकर घेऊ नका. निदान आधी नको.

आपली जुनी चर्चं बांधली तेव्हा माईक नव्हता. उंच छप्पर, दगडी भिंती, गुळगुळीत फरशी. अशा जागेत आवाज घुमतो, पहिला शब्द विरायच्या आत दुसरा त्यावर येऊन पडतो. गायनाला हे छान वाटतं, बोलण्याला मारक असतं. जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. म्हणून पल्पिट वेदीपाशी न ठेवता मधल्या भिंतीवर उंच बांधायचे आणि त्यावर लाकडी छत घालायचे, म्हणजे आवाज वर न जाता माणसांकडे यायचा. आज आपण त्याच देवळात आवाज वाढवतो. आवाज वाढला की घुमणंही तेवढंच वाढतं.

दुसरी गोष्ट. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पुढचा आणि मागचा स्पीकर १७ मीटर अंतरावर असले, तर मागच्या बाकावर पुढचा आवाज जवळजवळ ५० मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही आवाज मिसळले की शब्दांचा चिखल होतो. मागच्या स्पीकरला तेवढा उशीर मिक्सरमध्ये किंवा वेगळ्या यंत्राने लावता येतो. पण तो लावणार कोण? आपल्याकडे मिक्सर सांभाळतो एखादा अकरावीचा पोरगा. बिचारा हौसेने करतो, शिकवलं मात्र कोणीच नाही. शिट्टी वाजली की सगळं देऊळ मागे वळून त्याच्याकडे बघतं!

पैसे खर्चायच्या आधी फुकटात होण्यासारखं बरंच आहे. वाचन करणाऱ्याने एक फुटावरचा माईक अर्ध्या फुटावर घ्यावा, आवाज आपोआप वाढतो आणि शिट्टीही कमी होते. बोलण्याच्या माईकचा बेस कमी करावा, कारण शब्द कळतात ते क, त, स अशा व्यंजनांमुळे, घुमणाऱ्या खर्जामुळे नाही. जो माईक वापरात नाही तो बंद ठेवावा. आणि शनिवारी रिकाम्या देवळात केलेल्या चाचणीवर विसंबू नये. माणसं भरली की त्यांचे कपडे आणि शरीरं आवाज शोषतात, सगळं गणित बदलतं. रविवारी कोणीतरी शेवटच्या बाकावर बसून ऐकायला हवं.

आता बाहेरच्या भोंग्यांविषयी. हे काहींना आवडणार नाही. सणाला, नोव्हेनाला अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा आवाज लावणं ही भक्ती नाही. चेन्नईतल्या एका चर्चविरुद्ध शेजारच्या कॉलनीने तक्रार केली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००० साली न्यायालयाने सांगितलं, की इतरांची शांतता मोडून, भोंगे लावून प्रार्थना करा असं कुठलाच धर्म सांगत नाही. नियमाने निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं, तेवढीच. डीजेविरुद्ध, दुसऱ्यांच्या भोंग्यांविरुद्ध आपण बोलतो, मग आपलंही दार आधी झाडून घेऊ.

"लोकांनी प्रेमाने वर्गणी दिली तर बिघडलं कुठे?" असं विचारतील. बिघडत काहीच नाही. पण त्यातला थोडा पैसा एका जाणकार साऊंडवाल्याला दोन दिवस बोलावून चार पोरापोरींना शिकवण्यावर घाला. मग जे कमी पडेल ते विकत घ्या.

पुढच्या रविवारी एवढंच करा. मिस्सानंतर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, "आज काय ऐकलंस?" उत्तर खाली कमेंटमध्ये लिहा. पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत मी तीच उत्तरं वाचून दाखवणार आहे, आणि तेही माईकशिवाय.