बोटे आखडण्याआधी

गार पाण्यात हात घातला की बोटे पांढरी पडतात, मग निळी. ऊब मिळाली की लाल. पुढे बोटे सुजतात, मूठ वळत नाही. घरात याला ‘वात’ म्हणतात आणि दुकानातून गोळ्या येतात. दरवेळी नाही, पण ही स्क्लेरोडर्माची सुरुवात असू शकते.

या आजारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. त्वचा जाड, ताठ होते. कंडरा आखडून बोटे वाकलेलीच राहतात. रक्तवाहिन्या अरुंद झाल्याने बोटांच्या टोकाचे हाड झिजू लागते. एक्स-रेमध्ये ते दिसते. काहींच्या बोटांत कॅल्शियमचे खडे साठतात, जखमा भरत नाहीत.

झिजलेले हाड परत येत नाही. वात समजून घेतलेले जादा मात्रेचे स्टेरॉइड तर या रुग्णांच्या मूत्रपिंडांवर घाला घालू शकते. हात उबदार ठेवणे, तंबाखू-मिश्री सोडणे आणि बोटांचा रोजचा व्यायाम औषधांइतकाच गरजेचा.

प्राथमिक आरोग्य केंद्रात सांधेदुखीच्या प्रत्येक रुग्णाला ‘गारठ्यात बोटांचा रंग बदलतो का?’ एवढे विचारले गेलेच पाहिजे. या प्रश्नाला खर्च नाही. तो न विचारण्याची किंमत मात्र रुग्णाचे हात मोजतात.