डाव कोणी मांडला?

हिंजवडीच्या आयटी पार्कात मोबाइल गेम घडवू शकणाऱ्यांची वाण नाही. मुलांना गरिबी कळावी असा एखादा गेम इथेच व्हावा, असं म्हटलं की पहिला आक्षेप येतो: गरिबी हा काय खेळाचा विषय आहे? यामागची भावना चांगली आहे, पण आक्षेप टिकत नाही. जमीनमालकाच्या मक्तेदारीने भाडेकरू कसा नागवला जातो, हे दाखवायलाच लिझी मॅगी या अमेरिकी बाईंनी १९०४ साली ‘लँडलॉर्ड्स गेम’चं पेटंट घेतलं. त्यातूनच पुढे मोनोपॉली घडला. त्याच धाटणीचा ‘व्यापार’ खेळताना दुसऱ्याला कफल्लक करणं आपल्या मुलांना चालतं. मग कफल्लक झालेल्याची बाजू पटावर का नको?

मला खरं भांडायचं आहे ते समर्थकांशी. ते म्हणतात, मुलाला खेळात गरीब करा, कणव आपोआप येईल. ती येत नाही. ‘स्पेंट’ या अमेरिकी गेममध्ये हाती हजार डॉलर घेऊन महिना काढायचा असतो. रूसोस आणि डोविडिओ या मानसशास्त्रज्ञांनी २०१६ साली त्याची परीक्षा घेतली. खेळून गरिबांविषयीचं मत सुधारलं नाही. काहींचं तर बिघडलं. कारण उघड आहे. प्रत्येक निर्णय खेळाडूच्या हाती दिला की गरिबीही त्याला हातातली वाटू लागते. मी तगलो, मग यांना काय झालं?

म्हणून गेम निर्णयांचा नव्हे, नियमांचा हवा. ऊसतोडीचंच घ्या. हिंजवडीजवळच कासारसाई-दारुंब्रेला संत तुकाराम साखर कारखाना आहे, त्यामुळे ऊस इथल्या मुलांना परका नाही. गेममधलं जोडपं म्हणजे एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली. पोरगी तापाने फणफणली, आई कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, थांबली, की खाडा पडला आणि फेड लांबली. शाळा ऐन सत्रात सुटलेली. खेळणाऱ्याने एकही चूक केली नाही तरी पहिल्या डावात उचल फिटू नये.

यावर पालक म्हणतील, मुलं निराश होतील. दुसरा डाव नसेल तर होतीलच. दुसऱ्या डावात मात्र मुलाने कुटुंब नव्हे, नियम बदलावा: फडाजवळ शाळा, आजारपणाला खाडा नाही, टनामागे जास्त दर. आणि पुन्हा खेळून काय फरक पडतो ते बघावं. हे स्वप्नरंजन नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, तो संघटनांनी वाटाघाटी केल्या म्हणून. कुणा एका कुटुंबाच्या काटकसरीने नव्हे.

एक अट मात्र मी सोडणार नाही. हा गेम सोसायटीतल्या मुलांच्या आधी कोपीत राहिलेल्या मुलांना खेळायला द्यावा. त्यांनी ‘असं नसतं’ म्हटलं, तर तो भाग कितीही देखणा झालेला असो, काढून टाकावा.