संकल्पातलं ‘करिष्ये’

पनवेल तालुक्यातल्या गव्हाणमध्ये एका ओळखीच्या घरी गेलो होतो. मुलाच्या टेबलावर निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही उघडी होती. पहिल्या पानावर वर्तमानपत्रातून कापलेला विमानाचा फोटो डिंकाने चिकटवलेला आणि पुढच्या पानांवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहिलेलं: ‘मला विमानतळावर कायमची नोकरी मिळाली आहे.’ सकाळी तीनदा, दुपारी सहादा, रात्री नऊदा. पहिल्या पानांवरचं अक्षर टपोरं होतं. पुढे ते घाईचं होत गेलं होतं. मुलगा बी.कॉम. झालेला, शहाणा, मनाने सरळ. म्हणाला, “काका, मी मॅनिफेस्ट करतोय.” ओटीवर सुकट निवडत बसलेल्या आजीने मान वर न करता विचारलं, “बाला, बांध घातल्याबिगर खारीत भात व्हतं का?”

या दोघांपैकी कुणालाही खोटं पाडावं असं मला वाटत नाही. त्या मुलाची इच्छा खरी आहे आणि आजीचा प्रश्नही खरा आहे.

मॅनिफेस्ट हा शब्द आज पनवेल-उरण पट्ट्यातल्या तरुण मुलामुलींच्या तोंडी सहज असतो. केंब्रिज शब्दकोशाने २०२४ सालचा शब्द म्हणून त्याचीच निवड केली होती. कल्पना मात्र जुनी आहे. नेपोलियन हिल यांचं विचारातून श्रीमंत होण्याबद्दलचं पुस्तक १९३७चं. रॉन्डा बर्न यांचं ‘द सीक्रेट’ २००६चं, आणि त्याचा मराठी अनुवादही घरोघर पोचला. सांगणं थोडक्यात असं: हवं ते मिळालंच आहे असं मनात धरा, तसं लिहा, तसं बोला, म्हणजे ते तुमच्याकडे ओढलं जाईल.

आपल्याकडे मनाचं सामर्थ्य सांगायला बाहेरून कुणी यावं लागलं नाही. जीवनविद्या मिशनचे वामनराव पै आयुष्यभर हेच सांगत राहिले की माणसाचं आयुष्य घडवणं माणसाच्याच हातात आहे. आपल्या रायगड जिल्ह्यात तर याहून जवळचं उदाहरण आहे. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारींनी १९४३मध्ये दासबोधाच्या निरूपणाची बैठक सुरू केली आणि ती आगरी-कोळी घरांत खोलवर रुजली. बैठकीमुळे कितीतरी घरांतली दारू सुटली, हे या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात विचारा. दारू सोडलेला माणूस रातोरात श्रीमंत झाला नाही, पण पगार घरी येऊ लागला, पोरांची फी वेळेवर गेली आणि बायकोचा आवाज घरात पुन्हा ऐकू येऊ लागला. व्यक्तिमत्त्व विकास म्हणतात तो याहून वेगळा असेल असं मला वाटत नाही. तो दर आठवड्याला ठरल्या वेळी, चारचौघांत बसून, वर्षानुवर्षं झाला.

म्हणून मुलाच्या वहीला हसणाऱ्यांशी माझं जमत नाही. त्याच्या आजोबांच्या पिढीच्या आयुष्याचे निर्णय दुसऱ्यांनी घेतले. १७ मार्च १९७० रोजी नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको या सरकारी कंपनीची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी कागदावर गेल्या. त्या घरांतल्या माणसांना सरकारी कागदांत ‘प्रकल्पग्रस्त’ हे नवं नाव मिळालं. ज्याच्या घरावर हा शिक्का दोन पिढ्या बसलेला आहे, त्या पोराने सकाळी उठून ‘माझं आयुष्य मी ठरवणार’ असं लिहिणं ही लहान गोष्ट नाही. आपल्याला काही करता येईल असं वाटणंच ज्याचं मेलेलं असतं, तो अर्जसुद्धा भरत नाही.

पण मानसशास्त्रज्ञांनी हा प्रश्न नीट तपासला आहे आणि त्यांचं उत्तर वहीच्या बाजूने जात नाही. गॅब्रिएल ओटिंगेन या जर्मन अभ्यासक गेली कित्येक वर्षं यावर काम करत आहेत. नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांच्या मनातली चित्रं त्यांनी विचारून ठेवली आणि दोन वर्षांनी पुन्हा चौकशी केली. जे यशाची गोड स्वप्नं जास्त रंगवत होते त्यांनी अर्ज कमी केले होते, त्यांना नोकरीचे प्रस्ताव कमी आले होते आणि पगारही कमी होता. उलट मागच्या अनुभवावरून ‘मला जमेल’ असा अंदाज ज्यांनी बांधला होता त्यांचं बरं चाललं होतं. म्हणजे आशा नडत नाही. मिळाल्याचं सुख आधीच भोगून घेणं नडतं. मन तृप्त होतं, अंग सैल पडतं आणि करायचं ते राहून जातं.

दुसरा प्रयोग १९९९मध्ये प्रसिद्ध झालेला, फाम आणि टेलर या अमेरिकन अभ्यासकांचा. परीक्षेआधी काही विद्यार्थ्यांना चांगले गुण मिळाल्याचं चित्र रोज डोळ्यांसमोर आणायला सांगितलं. काहींना आपण अभ्यासाला बसलोय, पुस्तक उघडलंय, टीव्ही बंद केलाय असं चित्र आणायला सांगितलं. अभ्यासाचं चित्र पाहणाऱ्यांनी जास्त अभ्यास केला आणि गुणही जास्त मिळवले. आणखी एक निष्कर्ष मला जास्त लागतो. कॅनडातल्या जोआन वुड यांनी २००९मध्ये दाखवलं की ज्यांचा स्वतःवरचा विश्वास आधीच कमी आहे त्यांना स्वतःबद्दलची गोड वाक्यं घोकायला लावली तर त्यांना अधिक वाईट वाटतं. वाक्य आणि आपण यांतलं अंतर त्यांना दर वेळी टोचतं. ज्यांना या उपायाची सर्वांत जास्त गरज म्हणून तो विकला जातो, त्यांनाच तो सर्वांत जास्त बोचतो. हे वाचताना त्या वहीतलं घाईचं होत गेलेलं अक्षर मला आठवलं.

आपल्या घरातल्या पूजेत यजमान पाणी सोडताना संकल्प करतो. देश, काळ, आपलं नाव, गोत्र सांगतो आणि शेवटचा शब्द असतो ‘करिष्ये’. मी करीन. मिळो, मिळेल, मिळालं आहे, असं काही तो म्हणत नाही. आपण कुठे उभे आहोत हे आधी सांगायचं, मग काय करणार ते. नवसाचीही रीत तशीच. कार्ल्याच्या एकवीरेला नवस बोललेला माणूस तो फेडायला गड चढून जातो, म्हणजे देण्याची बाजू त्यात असते. वहीतल्या वाक्यात मात्र ‘करिष्ये’च हरवलं आहे. तिथे माणूस फक्त घेणारा आहे आणि ते घेणंही आधीच उरकलेलं आहे. शतकानुशतकं आपल्या जिभेवर असलेला शब्द टाकून आपण ‘मिळाली आहे’ उचललं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आजीच्या बांधाकडे परत येतो, कारण तिच्या प्रश्नात याहून जास्त काही आहे. हा खाडीकाठ आहे. समुद्राचं पाणी बांध घालून बाहेर ठेवायचं, पावसाने माती धुऊन गोडी व्हायची, उघाडीतून जास्तीचं पाणी ओहोटीला सोडायचं, तेव्हा कुठे खारीत भात होतं. पण बांध एकट्याचा नसतो. शेजाऱ्याच्या हद्दीत खांड पडली तर उधाणाचं पाणी तुमच्याही शेतात येतं, तुमची इच्छा कितीही शुद्ध असो आणि तुमचे कष्ट कितीही प्रामाणिक असोत. म्हणून गाव मिळून बांध राखायचं.

व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत मला ही गोष्ट कधी ऐकू आली नाही. तिथे सगळा भार एकट्याच्या मनावर टाकला जातो. मिळालं तर तुझ्या विचारांमुळे, नाही मिळालं तर तुझ्या विचारांतच खोट. हे दुसरं वाक्य मला क्रूर वाटतं. मिळून बांध राखल्याचं उदाहरण तर इथलंच आहे: सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध गव्हाणच्या शेजारच्या जासईचे नेते दि. बा. पाटील शेतकऱ्यांना घेऊन उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला पोलिसांचा गोळीबार झाला आणि ५ शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं धोरण आलं. आज या गावांत उभ्या असलेल्या कितीतरी इमारतींच्या पायात ते धोरण आहे. त्या माणसांच्या मनातही हव्या त्या आयुष्याचं चित्र होतंच. पण ते चित्र एकट्याच्या वहीत राहिलं नाही, रस्त्यावर आलं आणि शेवटी कायद्याच्या भाषेत लिहिलं गेलं.

याची उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी एकांगी होईन. भूखंडाचा पैसा अनेकांच्या हाती आला, पण तो सगळ्यांकडे टिकला नाही. काही घरांत त्यातून शिक्षण झालं, दुकान उभं राहिलं. काही घरांत तो हळदीच्या मांडवात आणि गाड्यांत गेला. बाहेरची परिस्थिती सारखी असताना घरं वेगळी का झाली, याचं उत्तर बऱ्याच अंशी माणसांच्या सवयींतच शोधावं लागतं. म्हणून ‘सगळं व्यवस्थेचं पाप’ असं म्हणून हात झटकणाऱ्यांशीही माझं पटत नाही. बैठकीने जे दिलं ते कुठल्याही पॅकेजमध्ये मिळत नव्हतं.

तराजूची दोन पारडी इतका वेळ पाहून माझा कौल असा: मनात चित्र धरावं, पण ते कामाचं असावं, फळाचं नव्हे. त्याच्या शेजारी आपली अडचण लिहावी आणि तिच्यावरचा उपाय वेळेसकट लिहावा. ओटिंगेन यांचीही शिफारस हीच आहे. नुसतं स्वप्न रंगवण्यापेक्षा स्वप्न आणि अडथळा एकापाठोपाठ एक पाहिले तर माणूस हलतो, आणि ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं आधी ठरवलं तर ते हातून होण्याची शक्यता वाढते. आणि जे एकट्याने होणारं नाही त्यासाठी गावात बसून बोलावं. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ला झालं, २५ डिसेंबरपासून उड्डाणं सुरू झाली. तिथल्या नोकऱ्यांत स्थानिकांना वाटा किती, प्रशिक्षण कुठे, भरती कायमची की ठेकेदाराची, हे प्रश्न कुणाच्या वहीतल्या वाक्याने सुटणार नाहीत. तो बांध सगळ्यांचा आहे.

गव्हाणमध्ये रयत शिक्षण संस्थेची शाळा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये ही संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ची वाट घालून दिली. गरीब पोराला त्यांनी मोठं स्वप्न दिलं आणि त्याच हातात कुदळही दिली. आपल्या मुलांपुढे आदर्श ठेवायचा तर तो इतका जवळ आहे.

त्या मुलाला मी वही फाडायला सांगितलं नाही. विमानाचा फोटो राहू दे म्हटलं. पुढच्या कोऱ्या पानावर आम्ही दोघांनी मिळून तीन ओळी लिहिल्या: इंग्रजी बोलायला अडखळतो. रोज रात्री साडेआठला, जेवण झालं की, चुलत बहिणीबरोबर अर्धा तास बोलेन. सोमवारी कार्गो प्रशिक्षणाची चौकशी करून अर्ज भरीन. आजीने सुपातली सुकट बाजूला ठेवून त्या ओळी वाचून दाखवायला सांगितल्या. तुमच्याही घरात अशी एखादी वही असेल. तिची टिंगल करू नका. मुलाजवळ बसा आणि पुढचं पान त्याच्याबरोबर लिहा.