वगळलेल्या नोकरांचा वांटा

ज्या वाचकांचे मुलगे-सुना अमेरिकेंत दवाखाने अगर लहानमोठे धंदे चालवितात, त्यांच्या घरीं ‘४०१ (के)’ हें नांव अपरिचित नसेल. मालकानें नोकरांच्या वार्धक्यासाठीं काढलेल्या निधीस तेथील करकायद्याच्या कलमावरून पडलेलें हें नांव. आपल्या प्रॉव्हिडंट फंडाप्रमाणें तेथील मध्यवर्ती कायदा असा निधि सक्तीचा करीत नाहीं. परंतु एकदां तो काढून करांत सवलत घेतली, कीं केवळ मालकाचें घर भरण्यासाठीं तो चालवितां येत नाहीं. १९७४ चा निवृत्तिवेतन कायदा व १९८६ ची करसुधारणा यांनीं तशी कसोटी घालून दिली आहे.

कसोटी त्रैराशिकाची आहे. ज्यांचा मालकींत ५ टक्क्यांहून अधिक हिस्सा, अथवा ज्यांचा मागील वर्षाचा पगार ठराविक मर्यादेवर, ते ‘बडे’. बड्यांपैकीं शेंकडा किती जणांस योजना लागू आहे तें काढावें. इतरांपैकीं शेंकडा किती तेंही काढावें. दुसरा आंकडा पहिल्याच्या निदान ७० टक्के भरला पाहिजे. एकवीस वर्षांखालील व एक वर्षाची नोकरी न भरलेले गणनेंतून गाळण्याची मुभा आहे. सरासरी लाभाची दुसरीही एक कसोटी आहे. ती किचकट असल्यानें हिशेबनिसावर सोपवावी हें बरें.

अपयश येतें तें बहुधा लबाडीनें नव्हे, माणसें मोजण्याच्या चुकीनें. समजा, एका डॉक्टर दांपत्याच्या दवाखान्यांत सहा नोकर आहेत, आणि त्यांच्याच मालकीच्या मोटेलांत चौदा. योजना मात्र दवाखान्यापुरती. मालक म्हणतो, धंदे दोन, वह्या दोन. कायदा म्हणतो, मालक एक, म्हणून माणसें एकत्र मोजा! बड्या दोघांपैकीं दोघेही आंत, म्हणजे १०० टक्के. इतर विसांपैकीं सहाच, म्हणजे ३० टक्के. उत्तीर्ण होण्यास चौदा हवेत. आठ कमी पडले.

योजनेचें वर्ष डिसेंबरांत संपत असेल, तर पुढील १५ ऑक्टोबरपर्यंत गतवर्षापासून लागू होणारी दुरुस्ती करून त्या आठांस आंत घेतां येतें. नुसतीं नांवें लिहून मात्र भागत नाहीं. पगारांतून शिल्लक टाकण्याची त्यांची संधि गेली, ती परत येत नाहीं. म्हणून मालकानें पदरचें भरावयाचें. योजनेंतील सामान्य नोकरांनीं सरासरी ४ टक्के टाकले असतील, तर ४०,००० डॉलर वार्षिक पगारामागें १,६०० डॉलर. आणि ही रक्कम तत्काळ पूर्णपणें नोकराची. हक्क पिकण्यापूर्वींच सोडून गेलेल्यांच्या नांवें कागदीं आंकडे मांडून पैसा निधींतच फिरविण्याची युक्ति येथें चालत नाहीं. दुरुस्तींत कांहीं तरी सार असलें पाहिजे अशी स्पष्ट अट आहे.

मुदत टळली, तर करखात्याकडे आपण होऊन शुल्कासह अर्ज करण्याची वाट राहते. तेंही न केलें, तर योजनेची करमान्यता जाऊं शकते. आणि दोष एवढाच असेल, तर बड्यांच्या पक्क्या झालेल्या सर्व शिलकेवर कर बसतो, सामान्य नोकरांस मात्र त्याची झळ लागत नाहीं. करकायद्यांत इतका विवेक क्वचितच दिसतो.

दुसरा धंदा नुकताच विकत घेतला असेल, तर खरेदीच्या पुढील योजना-वर्षाच्या अखेरीपर्यंत सवड मिळते. मात्र खरेदीपूर्वीं योजना कसोटीस उतरत असली पाहिजे, आणि मध्यंतरीं तिच्यांत महत्त्वाचा फेरफार झालेला नसावा.