आबा, तो तर पैलवान होता ना?

परवा सुट्टीला आलेल्या नातवासोबत 'नटरंग' पुन्हा पाहिला. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा, रवी जाधवांचा हा चित्रपट जानेवारी २०१० मध्ये आला, तेव्हा आम्ही चार-पाच निवृत्त मास्तर तो बघून डोळे पुसत बाहेर पडलो होतो. या वेळी मात्र नातवाने पंचाईत केली. "आबा, तो तर पैलवान होता ना? मग लोक त्याला असं का चिडवतात?"

उत्तर द्यायला गेलो आणि थांबलो. प्रश्नातच गोम होती.

गुणा कागलकर अंगाने दणकट मजूर. हातचं काम जातं, तो तमाशाचा फड काढतो. नाच्या व्हायला कुणी तयार होत नाही म्हणून स्वतःच होतो. मग टिंगल, विटंबना, घराची वाताहत. या भूमिकेसाठी अतुल कुलकर्णींनी आधी शरीर कमावलं, मग उतरवलं. कष्टाला त्यांच्या सलाम! पण ते पिळदार दंड म्हणजे आपल्याला दिलेला जामीन आहे, असं मला आता वाटतं. "घाबरू नका, आतून गडी अस्सल आहे." एवढी खात्री पटल्यावरच आपण रडतो. गुणा मुळातच नाजूक, लचकत चालणारा असता तर? थिएटरात आपणच शिट्ट्या मारल्या असत्या.

'जोगवा'तही तेच. उपेंद्र लिमये यांचा तायप्पा देवीच्या नावाने लुगडं नेसतो. ती सक्ती अन्यायाचीच, वाद नाही. पण तिथेही आतला पुरुष शाबूत आहे, सुलीवर त्याचं प्रेम आहे, म्हणूनच त्याचं दुःख आपल्याला पटतं.

कुणी म्हणेल, गुरुजी, पुरुषाने लुगडं नेसलेलं समाजाला चालतच नाही, सिनेमा काय करणार? साफ खोटं! रवी जाधवांनीच २०११ मध्ये 'बालगंधर्व' केला. बालगंधर्वांच्या शालूची नक्कल घरंदाज बायका करत, १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. आमच्या मराठवाड्यात पोतराज घागऱ्यासारखं वस्त्र नेसून, केस मोकळे सोडून दारात येतो, त्याला आपण हात जोडतो. म्हणजे संगीत नाटकात चालतं, देवाच्या नावाने चालतं, फक्त पोटासाठी नाचणाऱ्या गरिबाला चालत नाही. याला मर्दानगीची चाड म्हणायचं की दुबळ्यावर हात टाकणं?

सिनेमावाल्यांना बोल लावून मी मात्र सुटणार नाही. मास्तरकीच्या काळात स्नेहसंमेलनात सातवीतला एक मुलगा गौळण करणार होता. काय सुंदर गिरकी घ्यायचा! तालमीत पोरं "बायल्या, बायल्या" ओरडली. मी ओरडणाऱ्यांना गप्प केलं नाही, त्यालाच काढून लेझीमच्या रांगेत उभा केला. वर "जरा पुरुषासारखं राहा" असा उपदेशही केला. त्याचं भलंच केलं, असं कित्येक वर्षं वाटत होतं. तो पुन्हा कधी स्टेजवर चढला नाही.

नातवाला दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी उत्तर दिलं. म्हटलं, "बाळा, तो पैलवान नसता तरी चिडवायला नको होतं."

तो "हं" म्हणाला आणि बिस्किट बुडवत बसला. मला हे समजायला सत्तरी उलटावी लागली.